एक्सॲरेमध्ये निर्देशक जोडले, तरी मुंबईचा पाऊस मुंबईचा का दिसत नाही?

प्रश्न : संशोधक विद्यार्थिनी, कलिना

नमस्कार. मी मिठी नदीच्या पाणलोट क्षेत्रातील पावसावर काम करते आहे. त्यासाठी भारतीय हवामानशास्त्र विभागाचा पाव अंशाच्या जाळीवरचा दैनंदिन पावसाचा डेटा घेतला असून सध्या फक्त २००५ या वर्षाची फाइल पायथनमध्ये वाचते आहे. ही फाइल साधी बायनरी आहे. तिच्यात अक्षांश, रेखांश किंवा तारीख यांपैकी काहीच लिहिलेले नसते. नुसत्या आकड्यांची एक लांबलचक रांग असते. नमपाय या आकडेमोडीच्या पायथन लायब्ररीने ती वाचून मी ३६५ दिवस, १२९ अक्षांश आणि १३५ रेखांश अशा आकाराची ॲरे तयार केली आणि मितींना ‘टाइम’, ‘लॅट’ व ‘लॉन’ अशी नावे देऊन ती एक्सॲरेच्या (मितींना नावे व लेबले जोडू देणाऱ्या पायथन लायब्ररीच्या) डेटाॲरेत ठेवली.

त्यानंतर ‘असाइन-कोऑर्ड्स’ या मेथडने तिन्ही मितींना निर्देशक, म्हणजे तारीख, अक्षांश आणि रेखांश सांगणारी लेबले, जोडले. ओळ बिनतक्रार चालली. मग लेबलावरून मूल्य निवडणारी ‘सेल’ ही मेथड वापरून अक्षांश १९ आणि रेखांश ७३ यांवरचा पाऊस मागितला (७२.७५ हा रेखांश तिथे समुद्रात पडतो, म्हणून मुद्दाम ७३ घेतला), तर वर्षभराच्या ३६५ही दिवसांसाठी उणे ९९९ हा एकच आकडा आला. दोन दिवस त्यात गेल्यावर एका उदाहरणात पाहिले की ‘असाइन-कोऑर्ड्स’चे उत्तर पुन्हा नावात साठवावे लागते. तसे केल्यावर उणे ९९९ गेले आणि पावसाचे आकडे दिसू लागले. परंतु संपूर्ण जुलै महिन्याची बेरीज इतकी कमी येते आहे की ती मुंबईची आहे असे म्हणताच येणार नाही. एरवीच्या वर्षीही आपल्याकडे जुलैत सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस होतो, आणि हे तर २००५ आहे.

मी दिलेले निर्देशक असे आहेत : तारखा १ जानेवारीपासून ३६५, रेखांश ६६.५ पासून १०० पर्यंत, अक्षांश ३८.५ पासून ६.५ पर्यंत. लांबी तिन्हींची बरोबर जुळते. यापूर्वी मी एरा-५ या पुनर्विश्लेषित (निरीक्षणे आणि हवामानाचे संगणकी प्रारूप एकत्र करून बनवलेल्या) डेटावर काम केले होते, त्याच पद्धतीने ही मांडणी केली आहे.

आणखी एक अडचण आहे. सांताक्रूझ आणि कुलाबा या दोन स्थानकांची नावे निर्देशक म्हणून जोडायची आहेत. पण नावांची साधी यादी दिली की ‘मितीचे नाव स्पष्ट सांगा’ अशा अर्थाची चूक दाखवली जाते. नावांना मिती कुठून आणायची, हे मला समजलेले नाही.

माझ्या लहानपणी आमच्या घरात त्या २६ जुलैला छातीपर्यंत पाणी होते. त्या दिवसाचा आकडा मला चुकवायचा नाही, म्हणून इतके सविस्तर लिहिले.

उत्तर १ : डेटा विश्लेषक, अंधेरी

ताई, तुमच्या प्रश्नात दोन स्वतंत्र चुका आहेत आणि दोन्हींचे मूळ एकच आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी उणे ९९९. ‘असाइन-कोऑर्ड्स’ मूळ वस्तूला हात लावत नाही. ती निर्देशक जोडलेली नवी वस्तू परत देते. ती साठवली नाही तर तुमच्या हाती मूळची, निर्देशक नसलेली ॲरेच राहते. (जागच्या जागी बदल हवा असेल तर ‘कोऑर्ड्स’ या गुणधर्मात थेट मूल्य भरता येते, पण नवी वस्तू घेण्याची सवय अधिक सुरक्षित आहे.) इथे एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. ज्या मितीला निर्देशक नसतो, तिच्यावर ‘सेल’ला पूर्णांक दिला तर चूक न दाखवता ‘सेल’ तो आकडा क्रमांक समजते. म्हणजे तुम्ही अक्षांश १९ व रेखांश ७३ मागितलेत आणि तुम्हाला शून्यापासून मोजलेली १९वी ओळ आणि ७३वा स्तंभ मिळाला. ही जाळी ६.५ अंश उत्तर आणि ६६.५ अंश पूर्व यांपासून सुरू होते, म्हणून ती जागा ११.२५ उत्तर व ८४.७५ पूर्व अशी निघते. नकाशा उघडून पाहा : तो बंगालचा उपसागर आहे. जिथे नोंद नाही तिथे या फाइलमध्ये उणे ९९९ असते, म्हणून वर्षभर तोच आकडा आला. हा डेटा वापरण्यापूर्वी उणे ९९९ च्या जागी रिकामे मूल्य घालून घ्या, अन्यथा पुढे कुठल्याही सरासरीत ते मिसळेल.

आता कमी पावसाचे. या फाइलमध्ये अक्षांश दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात, म्हणजे पहिली ओळ ६.५ अंशांची आणि शेवटची ३८.५ अंशांची. एरा-५ मध्ये क्रम उलटा, उत्तरेकडून दक्षिणेकडे असतो, आणि तुम्ही तीच सवय इथे आणली. लांबी दोन्हीकडे १२९च असल्यामुळे एक्सॲरेने काही तक्रार केली नाही, आणि ती करूही शकत नाही. निर्देशक जोडताना ती फक्त एवढेच पाहते की या मितीत जितक्या ओळी तितकीच लेबले आहेत की नाहीत. एखाद्या इमारतीत जिन्याखालच्या टपालपेट्यांवरच्या पाट्या कुणी उलट्या क्रमाने लावल्या, तरी पोस्टमन पाटी वाचून इमानाने पत्र टाकतच राहील. तसे हे आहे.

परिणाम काय झाला तो आकड्यांतच पाहू. १९ अंशांची खरी ओळ शून्यापासून मोजून ५०वी आहे, कारण ६.५ मध्ये ५० वेळा ०.२५ मिळवले की १९ होतात. तुमच्या उलट्या लेबलांत १९ हे नाव ७८व्या ओळीला मिळाले, आणि त्या ओळीतले आकडे प्रत्यक्षात २६ अंश उत्तरेचे आहेत. २६ उत्तर, ७३ पूर्व ही जागा जोधपूरच्या थोडी दक्षिणेला, मारवाडात आहे. तिथला वर्षभराचा सरासरी पाऊससुद्धा मुंबईच्या एका जुलैएवढा भरत नाही. तुम्ही मुंबई म्हणून मारवाडचा पाऊस मोजत होतात.

दुरुस्ती करताना एक खबरदारी घ्या. बरेच जण अशा वेळी ‘सॉर्टबाय’ वापरून अक्षांश चढत्या क्रमाने लावतात आणि काम झाले असे समजतात. तसे केल्यास लेबल आणि आकडे दोन्ही एकत्र हलतात, म्हणून चुकीचा पत्ता चुकीचाच राहतो आणि वर मांडणी नीटनेटकी दिसू लागते. तुम्हाला आकडे हलवायचे नाहीत, पाट्या बदलायच्या आहेत; त्यामुळे ‘असाइन-कोऑर्ड्स’ पुन्हा चालवून ६.५ ते ३८.५ असे चढते अक्षांश द्या.

नंतर दोन तपासण्या करा. पहिली : कुठल्याही एका दिवसाचा नकाशा एक्सॲरेच्याच ‘प्लॉट’ने काढा, लेबले उलटी असतील तर कन्याकुमारी वर आणि काश्मीर खाली दिसेल. दुसरी : ‘सेल’ने १९ व ७३ यांवर मिळालेली मालिका आणि मूळ नमपाय ॲरेतील ५०वी ओळ व २६वा स्तंभ यांची मालिका आकड्यानिशी ताडून पाहा.

नकाशाची तपासणी नेहमी करा असे आग्रहाने सांगण्याचे कारण आहे. याच विभागाची एक अंशाच्या जाळीवरची तापमानाची फाइल ३१ गुणिले ३१ अशी चौकोनी असते, ७.५ ते ३७.५ उत्तर आणि ६७.५ ते ९७.५ पूर्व. पावसाच्या फाइलमध्ये अक्षांश व रेखांश यांची अदलाबदल झाली तर १२९ आणि १३५ जुळत नाहीत म्हणून निदान चूक तरी दिसते. चौकोनी जाळीत तेवढाही आधार नसतो.

प्रश्नकर्ती

सर, मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे लेबले बदलली, भारत सरळ उभा राहिला आणि ५०वी ओळ व २६वा स्तंभ तंतोतंत जुळला. उलटी लेबले ठेवून नकाशा काढला तेव्हा काश्मीर खरोखर खाली होते. तो नकाशा मी वहीत चिकटवून ठेवला आहे.

जुलैची बेरीज आता मुंबईला शोभेशी आहे. मात्र २६ जुलै २००५ या तारखेवर मोठा आकडा नाही. तो एक दिवस पुढे, २७ जुलैवर दिसतो आहे. तारखांची यादी मी पांडासने १ जानेवारीपासून बनवली आहे, २००५ हे लीप वर्ष नाही, आणि ३१ डिसेंबर ही शेवटची तारीख बरोबर येते. मग एक दिवसाची चूक कुठे झाली?

उत्तर २ : निवृत्त हवामान निरीक्षक, डोंबिवली

पायथन मी निवृत्तीनंतर शिकलो, परंतु या प्रश्नाचे उत्तर पर्जन्यमापकापाशी आहे, म्हणून लिहितो.

तुमची चूक झालेली नाही. आपल्याकडे पाऊस रोज सकाळी साडेआठ वाजता मोजतात आणि तो त्याच सकाळच्या तारखेखाली लिहितात. म्हणजे २७ जुलैची नोंद ही २६ जुलैच्या सकाळी साडेआठपासून २७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांची असते. त्या दिवशी पावसाने दुपारनंतर धरले, त्यामुळे जवळजवळ सगळे पाणी पुढच्या सकाळच्या नोंदीत गेले. सांताक्रूझचे प्रसिद्ध ९४४ मिलिमीटर हे २७ तारखेच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांचे आहेत. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३.४ मिलिमीटर पाऊस झाला होता.

जाळीवरच्या आकड्यात ९४४ शोधू नका. आसपासच्या अनेक स्थानकांच्या नोंदींना अंतराप्रमाणे वजन देऊन ती जाळी बनवलेली असते, त्यामुळे एका स्थानकावरचा असा टोकाचा आकडा तिच्यात बोथट होतो.

तुम्हाला लोकांच्या बोलण्यातली तारीख हवी असेल तर टाइम या निर्देशकातून एक दिवस वजा करून तो पुन्हा जोडा. एका ओळीचे काम आहे.

उत्तर ३ : सागरी हवामानाची अभ्यासक, मुलुंड

काकांनी कारण अगदी नेमके सांगितले, पण शेवटच्या सल्ल्याशी मी आदरपूर्वक असहमत आहे. तारखेचे मूळ लेबल बदलू नये. उद्या हीच फाइल दुसऱ्या कुणी उघडली, किंवा तुम्हीच सहा महिन्यांनी उघडली, तर वजाबाकी झाली आहे की नाही हे त्या लेबलांकडे पाहून कळणार नाही, आणि कुणीतरी ती पुन्हा एकदा करील. त्यापेक्षा टाइम जसा आहे तसा ठेवा आणि त्याच मितीवर दुसरा निर्देशक जोडा, ‘मोजणीची सुरुवात’ अशा अर्थाच्या नावाचा, ज्यात आदल्या दिवसाची सकाळी साडेआठची वेळ असेल.

इथेच तुमच्या मूळ प्रश्नातल्या स्थानकांच्या नावांचेही उत्तर आहे. निर्देशकाचे नाव मितीच्या नावासारखेच असेल, तर नुसती यादी पुरते, कारण ती कुठे बसवायची ते नावावरूनच कळते. असा निर्देशक त्या मितीचा मुख्य निर्देशक होतो आणि त्यावरून ‘सेल’ने निवड करता येते. नाव वेगळे असेल, तर एक्सॲरेला ती यादी कोणत्या मितीला लागू आहे हे ठाऊक नसते. म्हणून यादीऐवजी जोडी द्यावी लागते : आधी मितीचे नाव, मग मूल्ये. तिसऱ्या जागी एककासारखी माहितीही देता येते. असा जोडलेला निर्देशक सोबत प्रवास करतो, पण आपोआप शोधासाठी वापरला जात नाही. त्यावरून निवड करायची असेल तर ‘स्वॅप-डिम्स’ने त्याला मुख्य करावे लागते.

तुमच्या दोन स्थानकांसाठी असे करा. ‘स्थानक’ नावाची नवी मिती असलेल्या दोन छोट्या डेटाॲरे बनवा, एकीत दोन्ही अक्षांश आणि दुसरीत दोन्ही रेखांश, आणि त्या ‘सेल’ला ‘निअरेस्ट’ (सर्वांत जवळचा बिंदू घेणाऱ्या) पर्यायासह द्या. मग उत्तरात ‘स्थानक’ हीच मिती राहील आणि तिच्यावर नावांची यादी सरळ जोडता येईल. याऐवजी नुसत्या याद्या दिल्यात तर दोन स्थानकांची नव्हे, दोन अक्षांश गुणिले दोन रेखांश अशी चार जागांची जाळी मिळेल.

परंतु थांबा, कारण पुढचा अडथळा मला इथूनच दिसतो आहे. सांताक्रूझ साधारण १९.१ उत्तर व ७२.८५ पूर्व, आणि कुलाबा १८.९ उत्तर व ७२.८२ पूर्व. पाव अंशाच्या जाळीवर दोघांनाही सर्वांत जवळचा बिंदू एकच : १९ उत्तर, ७२.७५ पूर्व. म्हणजे ज्या चोवीस तासांत एका ठिकाणी ९४४ आणि दुसऱ्या ठिकाणी ७३.४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दोन ठिकाणांना ‘निअरेस्ट’ अगदी एकसारखा आकडा देईल, आणि तुम्ही जोडलेल्या नावांमुळे ती दोन स्वतंत्र मोजमापे वाटतील. शिवाय तो बिंदू, तुम्ही स्वतःच लिहिल्याप्रमाणे, समुद्रात पडतो; तिथे मूल्य आहे की उणे ९९९, हे आधी पाहा. ‘सेल’ने निवडल्यावर उत्तरात अक्षांश-रेखांश जाळीचे राहतात, स्थानकाचे नाही. म्हणून स्थानकाचे खरे स्थान वेगळ्या नावाच्या निर्देशकांत जोडून ठेवा. मग दोन्ही स्थाने शेजारी शेजारी दिसतील आणि आकडा किती दुरून आला आहे हे वाचणाऱ्याला झाकलेले राहणार नाही. मिठीच्या पाणलोटासाठी तुम्हाला स्थानकांच्या प्रत्यक्ष नोंदी मिळवाव्या लागतील असे माझे स्पष्ट मत आहे. ही जाळी त्या कामाला भरड पडते.

आता एरा-५ शी तुलना करणार असाल तर. त्यातला पाऊस ताशी असतो, मीटरमध्ये असतो, वेळ जागतिक प्रमाणवेळ असते आणि प्रत्येक लेबल हे संपलेल्या तासाचे असते. आपली सकाळची साडेआठ म्हणजे तिथली रात्रीची ३. म्हणून ‘रीसॅम्पल’ने तासांचे २४-२४ तासांचे गट करा, गटांची सुरुवात ३ तासांनी सरकवणारा ऑफसेट द्या आणि गटाची बंद बाजू (ज्या टोकाची वेळ गटात धरली जाते ती) व लेबल दोन्ही उजवीकडे ठेवा. मग प्रत्येक बेरीज त्या दिवशी ३ वाजता संपलेल्या चोवीस तासांची होईल. लेबलांवर मात्र ३ वाजल्याची वेळ असेल आणि हवामान विभागाच्या तुमच्या लेबलांवर मध्यरात्रीची. एकही लेबल जुळणार नाही. इथे ‘असाइन-कोऑर्ड्स’ने वेळ दिवसाच्या सुरुवातीला आणून बसवणे योग्य आहे, कारण दोन्ही लेबले एकाच चोवीस तासांची आहेत हे आपण पडताळलेले आहे. वर्षाच्या पहिल्या दिवसासाठी ३१ डिसेंबर २००४ चे तासही सोबत घ्या, नाहीतर ती बेरीज अपुरी राहील.

ही जुळणी न करता दोन्ही डेटांची एकमेकांतून वजाबाकी केलीत तर चूक दिसणार नाही, शून्य लांबीची ॲरे मिळेल, कारण एक्सॲरे दोन्हीकडे समान असलेली लेबलेच ठेवते. तसे होऊ नये म्हणून मी प्रत्येक प्रोग्रामच्या सुरुवातीला ‘अरिथमेटिक-जॉइन’ हा पर्याय ‘एक्झॅक्ट’ करून ठेवते. मग लेबले जराही वेगळी असली की गणित तिथेच अडते. त्यासाठी एरा-५ चा अक्षांशांचा क्रमही आधी ‘सॉर्टबाय’ने चढता करून घ्या, तिथे लेबले खरी आहेत, त्यामुळे तिथे ‘सॉर्टबाय’ हाच बरोबर उपाय आहे. तसे न करता १८ ते २० अंशांचा तुकडा मागितलात तर उतरत्या क्रमामुळे हाती काहीच येणार नाही.

पाव अंशाच्या जाळीत तुम्हाला एक सुख आहे : ०.२५ हा आकडा संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमका मावतो, त्यामुळे अक्षांश काटेकोर जुळतात. पुढे नासाचा आयमर्ग हा ०.१ अंशाचा उपग्रह-डेटा घेतलात तर ७२.८५ हे एका फाइलमध्ये ३२ बिटांत आणि दुसरीत ६४ बिटांत असल्यास समान ठरत नाही. त्या वेळी एकीचे निर्देशक दुसरीला जोडण्यापूर्वी त्यांच्यातला फरक किती आहे ते मोजून पाहा आणि तो नगण्य असेल तरच जोडा. आयमर्गमध्ये मितींचा क्रमही रेखांश आधी आणि अक्षांश नंतर असा आहे.

उत्तर २ : निवृत्त हवामान निरीक्षक, डोंबिवली

मुलुंडच्या बाईंचे म्हणणे मला पटले. आम्हीही नोंदवहीत लिहिलेली तारीख कधी खोडत नसू. शेजारी शेरा लिहीत असू. माझा वजाबाकीचा सल्ला मागे घेतो.

प्रश्नकर्ती

काका, ताई, सर, तिघांचेही आभार. काल रात्री सगळे नव्याने लिहिले. टाइम तसाच ठेवला, त्याच्यावर मोजणीच्या सुरुवातीचा दुसरा निर्देशक जोडला आणि एककात ‘सकाळी ८.३० पासून २४ तास’ असे नमूद केले. शून्यापासून मोजून २०७वा दिवस, ५०वी ओळ आणि २६वा स्तंभ हा आकडा २७ जुलैच्या लेबलावरच्या आकड्याशी जुळतो, आणि जुळला नाही तर प्रोग्राम तिथेच थांबेल अशी ओळही घातली.

सांताक्रूझ आणि कुलाबा यांचे ‘निअरेस्ट’ खरोखरच एका बिंदूवर आले. त्यामुळे जाळीवरच्या मालिकेला स्थानकांची नावे देण्याचा विचार सोडला आहे. तिला आता फक्त ‘१९ उत्तर, ७३ पूर्व’ एवढेच नाव आहे, आणि दोन्ही स्थानकांच्या प्रत्यक्ष नोंदींसाठी अर्ज लिहायला घेतला आहे.